उजवीकडे कललेले चौकोन

५ जानेवारी

ताई,

पत्ता मावशीने दिला. तिलाही खात्री नव्हती, म्हणून पाकिटाच्या मागे आपला पत्ता मी नीट तपासून लिहिला आहे. पत्र तुला मिळालं नाही तर निदान घरी परत येईल.

आई गेल्याचं तुला मावशीकडूनच कळलं आहे. तू आली नाहीस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझं काम वेगळं आहे.

आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या मागे एक पिशवी निघाली. तिच्यात लोकरीचे चौकोन आहेत, क्रोशाच्या सुईने विणलेले. मधे मोहरीच्या रंगाचं फूल आणि त्याच्याभोवती विटकरी, हिरव्या, राखाडी फेऱ्या. चौकोन पुष्कळ आहेत, पण सगळे सुटे. शेवटच्या दिवसांत ती मला म्हणाली होती, "ते पांघरूण अर्धं ठेवू नकोस." मी विचारलं, "कोणतं पांघरूण?" तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं औषधाच्या गुंगीत बोलली. मी पाणी पाजलं आणि विषय सोडून दिला.

आता ते मला पुरं करायचं आहे. तिने माझ्याकडे मागितलेली तेवढी एकच गोष्ट आहे.

तू घर सोडल्यानंतर मी चष्म्याच्या दुकानात लागलो. मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. बारीक कामाची हाताला सवय आहे, तेव्हा बघून बघून जमेल असं वाटलं. फोनवर शोधलं. एका व्हिडिओत नुसते हात होते, चेहरा नव्हता. हात बघून काही शंका आली नाही, कारण त्यांत बांगड्या नव्हत्या आणि ते फार बारीक होते. मी तो लावला.

ताई, आवाज आईचा होता.

"नमस्कार. आज आपण रंग बदलायला शिकू. घाबरायचं काही नाही. चुकलं तर उसवता येतं."

मी फोन गादीवर टाकला. तो पालथा पडला आणि तसाच बोलत राहिला. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, "अगं, ऐकू आलं. येतोय." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ते दारात आले, मी एकटा बसलेला बघितला आणि तिथेच उभे राहिले. तोवर मी फोन बंद केला होता.

"मी कशाला आलो होतो रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही. ते परत गेले.

आईने असे व्हिडिओ केले हे तुला माहीत होतं का? घरात कोणालाच माहीत नव्हतं. आणि एक साधा प्रश्न. तिने लहानपणी तुला विणायला शिकवलं होतं. चौकोन एकमेकांना जोडायचे कसे, हे एकाही व्हिडिओत नाही. तुला येतं का? नुसतं तेवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझा भाऊ


१९ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे ते तुझ्याकडे आहे असं मी धरून चालतो.

मी शिकतो आहे. पहिले दोन दिवस नुसता गुंता झाला, कारण आईचे हात बघून मीही सुई डाव्या हातात धरत होतो. मग एका व्हिडिओत ती म्हणाली, "मी डावरी आहे हं. तुम्ही बहुतेक उजव्या हाताने कराल. मी समोर बसले आहे आणि तुम्ही आरशात बघताय असं समजा." सुई उजव्या हातात घेतली आणि टाके पडायला लागले. तीन खांब, एक साखळी, पुन्हा तीन खांब. कोपऱ्यावर दोनदा. खांब म्हणजे उंच टाका, हे तुला सांगायला नको, पण मला शब्द लिहून बघायला आवडतात.

रंग बदलताना जुना धागा लगेच कापायचा नाही, असं ती सांगते. चार टाके त्याला बरोबर घेऊन जायचं, मग तो आपोआप आत लपतो. मी आधी लगेच कापायचो. माझे पहिले चौकोन मागून केसाळ झाले आहेत.

दुकानात जेवणाच्या सुट्टीत विणत होतो. मालकांनी बघितलं.

"काय रे, स्वेटर कोणासाठी? पोरगी पसंत केलीस वाटतं."

"नाही, पांघरूण आहे. घरासाठी."

"आत्तापासून पांघरूण? मग तुझ्या लग्नाचं काही खरं नाही," ते म्हणाले आणि एक काच माझ्यासमोर ठेवून गेले. जाताना मात्र माझा चौकोन उचलून उजेडात धरून बघितला त्यांनी, काच बघतात तसा.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. आईचा श्वास ऐकू येतो. पहिल्या व्हिडिओत ती एका दमात बोलते, मधेच हसतेसुद्धा. पुढेपुढे एकेका फेरीला थांबते. शेवटच्यात "साखळी" म्हणायला तिला दोनदा दम घ्यावा लागला आहे. म्हणून मी आता उलटे बघतो, शेवटच्यापासून पहिल्याकडे. मग ती बरी होत जाते.

खाली लोकांनी लिहिलंय, "ताई, पुढचा भाग कधी?" "ताई, तब्येत बरी आहे ना?" मी उत्तर लिहायला घेतो आणि पुसून टाकतो. काय लिहिणार?

शेजारच्या काकूंनी मला जिन्यात अडवलं.

"काल दुपारी तुमच्या घरात कोण बोलत होतं रे?"

"फोन होता, काकू. आईचा व्हिडिओ."

"मेल्या, माझ्या हातातलं पातेलं पडलं! दूध सगळं ओट्यावर. भिंतीला कान लावला तर तीच. 'घाबरायचं काही नाही' म्हणतेय. मी घाबरू नको तर काय करू?"

"आता कानात घालून ऐकेन."

"ऐक बाबा. नाहीतर मीच तिला उत्तर द्यायची एखाद्या दिवशी."

मला वाटलं होतं, कसला व्हिडिओ, कोणी काढला, असं काहीतरी त्या विचारतील. त्यांना तर कोणी कुठे काय केलं हे विचारल्याशिवाय चहा जात नाही. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. पदर सावरला आणि घाईघाईने आत गेल्या.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

ताई,

या पत्रात मला जे लिहायचं आहे ते वाचून तू मला वेडा म्हणशील. म्हण. निदान काहीतरी म्हण.

व्हिडिओ हलतो.

आधी लक्षात आलं नाही, कारण मी हातांकडे बघत होतो. आता टाके पाठ झाले, म्हणून नजर बाकीच्या गोष्टींवर जाते. आईची निळी चादर, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा, औषधाच्या बाटलीची सावली. हे सगळं किंचित वर जातं आणि खाली येतं. परत वर जातं. एकसारखं. मी माझ्या छातीवर हात ठेवून बघितलं. श्वास घेताना हातात धरलेला फोन असाच हलतो.

आणि आईचे दोन्ही हात समोर दिसताहेत. एकात सुई, एकात लोकर.

मग फोन कोणी धरलाय?

कामावर काचा घासताना हेच डोक्यात असतं. काल एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. असं माझ्याकडून कधी झालेलं नाही.

मी सगळ्या शक्यता तपासून बघितल्या. मी नव्हतो. ऊन खिडकीत तसं दुपारीच येतं आणि दुपारी मी दुकानात असतो. बाबा असणं शक्य नाही. ती आजारी पडली तेव्हापासून ते दुपारचं जेवण झालं की चप्पल घालून वाचनालयात जाऊन बसायचे, ते संध्याकाळी यायचे. मला त्याचा फार राग यायचा. इकडे ती अंथरुणात पडलेली आणि हे तिकडे मासिकं चाळताहेत. एकदा मी बोललोही. ते म्हणाले, "तिला दुपारी झोप लागते. मी खोकतो, जाग येते तिला." असं म्हणून गेले.

म्हणजे घरात आई एकटी. दार ओढून घेतलेलं. आणि समोर, पलंगाच्या पायथ्याशी बसून, कोणीतरी श्वास घेतंय.

मी सध्या त्या पलंगाच्या पायथ्याशी बसत नाही. उशाकडे बसतो.

चौकोन बरेच झाले आहेत. रविवारी सगळे जमिनीवर मांडून बघणार आहे, तिचे आणि माझे एकत्र. जोडायचे कसे हे अजून माहीत नाहीच.

तुझा भाऊ


१६ फेब्रुवारी

ताई,

मांडले.

मी डावरा नाही आणि ती डावरी होती, त्यामुळे आमचे चौकोन सारखे नाहीत. लांबून कळत नाही. पण खांबाचं डोकं पायाच्या अगदी बरोबर वर बसत नाही, जरा एका बाजूला झुकतं. तिचे डावीकडे झुकतात, माझे उजवीकडे. फुलाच्या पाकळ्याही तशाच फिरतात. एकमेकांच्या शेजारी ठेवले की एक चौकोन दुसऱ्याकडे तोंड करून बसल्यासारखा दिसतो.

मी तिचे एका बाजूला लावत गेलो, माझे दुसऱ्या बाजूला. तिच्या पिशवीतले निम्मे चौकोन माझ्या बाजूला आले.

ते माझे नाहीत. माझे मागून केसाळ आहेत. हे मागून पुढून सारखेच साफ आहेत, एक धागा वर नाही. पण कललेत उजवीकडे. दुकानातलं भिंग आणून पाहिलं. मनाची समजूत घालायला म्हटलं, सलाईनने तिचा डावा हात सुजला होता, तेव्हा उजव्याने केले असतील. पण उजव्या हाताने तिला चहाचा कपसुद्धा नीट धरता यायचा नाही, हे तुला माहीत आहे.

मग मी शेवटचा व्हिडिओ परत लावला, आवाज पूर्ण मोठा करून. शेवटचा सहसा मी पटकन पुढे ढकलतो, तिचा दम ऐकवत नाही. ती शेवटची फेरी संपवते. फोन जरा खाली जातो. आणि ती अगदी हळू म्हणते, "अगं, जवळ धर की. दिसणार कसं त्यांना?" चित्र जवळ येतं.

मी तसाच उठलो आणि काकूंच्या दारावर थाप मारली. त्यांनी दार उघडलं. माझ्या हातात दोन चौकोन होते. त्यांनी चौकोनांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन खुर्चीत बसल्या.

"काकू, कोण यायचं?"

"मला शपथ घातली होती रे तिने."

"ती गेली, काकू."

"म्हणून काय शपथ सुटते?" त्या रडायला लागल्या. "तुझी बहीण यायची. दुपारी. तुझे बाबा गेले की मी गॅलरीत टॉवेल वाळत घालायचे. तो दिसला की ती वर यायची. आल्यावर मलाच म्हणायची, काकू, टॉवेल ओला तरी करत जा, कोरडाच वाळत घालता. आईचे केस विंचरायची. दोघी समोरासमोर बसून विणायच्या. काय हसायच्या! भिंतीतून मला ऐकू यायचं."

मी हातातला उजवीकडे कललेला चौकोन पुन्हा उलटून बघितला.

"आणि त्या दिवशीपण आली होती," काकू म्हणाल्या. "आईला नेलं त्या दिवशी. जिन्याच्या वळणापर्यंत. वर दारात तुझे बाबा उभे होते, माणसं होती. तिथूनच फिरली. मी हाक मारणार होते. नाही मारली."

म्हणजे तू आली होतीस.

पहिल्या पत्रात मी जे वाक्य लिहिलं, "तू आली नाहीस," ते खोडून टाक. पेनाने नीट आडवी रेघ मार, तू माझ्या वहीत मारायचीस तशी.

ताई, मला तुझी भीती वाटत होती एवढे दिवस. त्या पलंगाच्या पायथ्याशी बसून श्वास घेणारी तू होतीस आणि मी उशाकडे सरकून बसत होतो. आता मी पायथ्याशी बसतो. पण खरं सांगू? घर अजून तसंच आहे. पूर्वी वाटायचं कोणीतरी आहे. आता वाटतं, सगळे होते, मीच नव्हतो. तू आणि आई दुपारभर या खोलीत हसत होता आणि मी चार गल्ल्या पलीकडे लोकांच्या काचा घासत होतो.

घरी ये. बाबांना कसं सांगायचं हे मला माहीत नाही. तुझ्या लग्नावरून ते त्या वेळी जे बोलले, "या घरात पाऊल ठेवायचं नाही," ते त्यांनी परत कधी उच्चारलं नाही, पण मागेही घेतलं नाही. तुझं नाव निघालं की ते उठून नळ बंद आहे का बघायला जातात. तरी ये. पांघरूण मला आता एकट्याने पुरं करायचं नाही.

तुझा भाऊ


२ मार्च

ताई,

मंगळवारी दुकानात असताना फोन वाजला. नोटिफिकेशन आलं होतं, आईच्या चॅनेलवर नवीन व्हिडिओ.

माझ्या हातातली काच फुटली. मालक म्हणाले, "भूत बघितलंस काय?" मी म्हटलं, "हो." ते हसले. मी मागच्या जिन्यात जाऊन बसलो आणि बराच वेळ तो लावू शकलो नाही. मला कळत होतं की पासवर्ड तुझ्याकडेच असणार, व्हिडिओ तूच चढवत होतीस. तरी एक मन म्हणत होतं, लावला आणि ती बोलली तर?

लावला. कोणी बोललं नाही.

उजव्या हातात सुई. गडद निळी लोकर. दोन चौकोन एकमेकांवर पाठीला पाठ लावून ठेवलेले आणि काठाने त्यांना जोडत जाणारे हात. कोपऱ्यावर आल्यावर तू थांबलीस, तो टाका उसवलास आणि मला दिसावा म्हणून पुन्हा सावकाश घातलास. पत्रांचं उत्तर मिळालं. मागे फक्त पंख्याचा आवाज होता.

आणि व्हिडिओ हलत नव्हता. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला असणार. सुरुवातीला तो एकदा घसरला, तुझा हात पुढे आला आणि त्याने तो सरळ केला. मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा बघितला.

खाली लोकांनी लिहिलंय, "ताई, बऱ्या झालात! किती आनंद झाला." एकीने लिहिलंय, "आज उजव्या हाताने? तुम्हाला दोन्ही हातांनी येतं?" तिला तू उत्तर दिलं नाहीस. मीही दिलं नाही. त्यांच्या घरांत आई अजून बरी होते आहे. होऊ दे.

मी जोडायला सुरुवात केली. एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे, असे आलटून पालटून. माझे केसाळ मी कडेला घातले आहेत.

तुझा भाऊ


९ मार्च

ताई,

सगळे चौकोन जोडून झाले. फक्त बाहेरचा काठ राहिला आहे. तो कसा घालायचा हे मला येत नाही. त्याचा व्हिडिओ करू नकोस.

आता बाबांचं.

काल मी तुझा व्हिडिओ लावून शेवटची ओळ जोडत होतो. ते कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही.

"हे हात तिचे नाहीत," ते म्हणाले.

मी सुई खाली ठेवली.

"अंगठा बघ. दारात चेमटला होता शाळेत जाताना. नख तसंच वाकडं उगवलं." ते पलंगावर बसले. पांघरुणाचं एक टोक त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. "रडली नव्हती तेव्हा. मीच रडलो होतो."

मग मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, ताई दुपारी यायची. तुम्ही वाचनालयात असायचात तेव्हा." मला वाटलं आता उठतील, नळ बघायला जातील. ते उठले नाहीत.

"मग मी काय तिथे हौसेने बसायचो?" ते म्हणाले. "तिथला पंखासुद्धा चालत नव्हता. मासिकं सगळी मागच्या वर्षीची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी आई एक दिवस म्हणाली, दुपारी जरा बाहेर पडत जा. इतक्या वर्षांत कधी म्हणाली नव्हती. मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही." ते चौकोनावरून बोट फिरवत होते. "एकदा चष्मा विसरला म्हणून परत आलो. जिन्यात ऐकू आलं, दोघी हसत होत्या. मी पायरीवर बसून राहिलो जरा वेळ. मग तसाच गेलो वाचनालयात. चष्म्याशिवाय. मासिक समोर धरून बसलो होतो संध्याकाळपर्यंत."

"मग एकदा आत यायचं होतं, बाबा."

"आत गेलो असतो तर हसणं थांबलं असतं."

फोनमध्ये तुझे हात जोडतच होते. बाबा म्हणाले, "हिला आत येऊ नको, असं मी म्हटलं होतं. मला बाहेर जाऊ नको, असं कोणी म्हटलं नव्हतं." आणि जरा हसल्यासारखं केलं.

आज मी हे पत्र लिहायला बसलो तेव्हा ते दोनदा दारात येऊन गेले. तिसऱ्यांदा आत आले.

"तिलाच लिहितोयस?"

"हो."

"लिही तिला, दुपारी मी घरात नसतो."

ते गेले. मी तेवढं लिहायला घेतलं तोवर परत आले.

"वाचनालय आता झेपत नाही म्हणावं. गुडघे दुखतात. खालच्या बाकावरच बसेन."

खालचा बाक म्हणजे जिन्याच्या दाराला लागून आहे तो. वर यायला दुसरी वाट नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा भाऊ